डावीकडचं बटण

माझ्या फोनमध्ये गोष्टी ऐकायचं अॅप नेहानं घालून दिलं. नेहा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, नंदूची मुलगी. बंगळूरात महादेवपुऱ्याच्या एका आयटी पार्कात नोकरी करते आणि शनिवार-रविवारी राजाजीनगरला माझ्याकडे येऊन झोपा काढते. तिचं म्हणणं असं, की जन्मभर लायब्ररीत काढलेल्या बाईनं रिटायर झाल्यावर तरी डोळ्यांना सुट्टी द्यावी. दिली सुट्टी. आता सकाळी गच्चीवर कराटेचे हात करताना एक प्रकरण ऐकते, कपडे वाळत घालताना दुसरं, आणि गोष्ट खुनाची असली तर भाजी करपते. गुडघे कुरकुरतात, पण हात अजून सरळ वर जातो, एवढं मी कुणालाही छातीठोक सांगेन. मागच्या आठवड्यात नेहा माझ्या शेजारी कॉफी पीत बसली होती आणि मी एकच वाक्य चौथ्यांदा मागे नेऊन ऐकत होते. त्या अॅपात पंधरा सेकंद मागे जायचं एक बटण आहे, ते मी इतकं वापरते की एक तासाची गोष्ट मला दीड तास पुरते. कान आताशा दगा द्यायला लागलेत. नेहानं बघितलं, बघितलं आणि म्हणाली, "आत्या, आवाज वाढव ना. किती वेळा मागे जाशील?" मी म्हटलं, सवय आहे गं. ती पुन्हा आपल्या फोनमध्ये गेली. मी खोटं बोलले होते. सवय वगैरे काही नाही, मी आवाज वाढवतच नाही. माझ्या हातून ते होत नाही, आणि का होत नाही ते लिहायला आता बासष्टाव्या वर्षी बसले आहे.

तेव्हाही आम्ही राजाजीनगरातच राहायचो, एका वठारात, म्हणजे आपल्या बैठ्या चाळीत. मधे फरशीचं अंगण, अंगणात सगळ्यांचा मिळून एक नळ, दोन्ही बाजूंना ओळीनं तीन-तीन घरं. भिंती अशा, की पलीकडे जयम्मानं फोडणीत मिरची टाकली की ठसका आमच्या आईला लागायचा. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. ते साताऱ्याकडून सरकारी कारखान्यात आले, तिथे ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. बंगळूरात इतकी वर्षं काढून त्यांना कन्नड यायचं ते बसपुरतं आणि भाजीपुरतं. स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे ठीक, एष्टु म्हणजे किती, झालं, संपलं. आई मात्र बेळगावकडची. तिचं कन्नड माहेरचं होतं, त्यात ती भांडायची, हसायची, म्हणी-उखाण्यांसकट बोलायची, आणि नळावर कन्नड बोलताना ती आम्हाला दुसरीच कुणीतरी बाई वाटायची. जास्त उंच, जास्त मोकळी. घरात आली की मराठी, आणि मराठीत ती कमी बोलायची. मी शैला, तेव्हा सतरा वर्षांची. नंदू चौदाचा. तो मला ताई म्हणत नसे, वठारातल्या मुलांसारखं अक्का म्हणायचा, आणि अप्पांना ते आवडायचं नाही.

अप्पांचं अक्षर. ते सांगितल्याशिवाय अप्पा कळणार नाहीत. आमच्या भागातल्या मराठी मंडळींनी एका हॉलच्या मागच्या खोलीत चार कपाटांचं वाचनालय चालवलं होतं, त्याचं काम अप्पा दर रविवारी सकाळी बिनपगारी करायचे. नवीन पुस्तक आलं की त्याचा नंबर दाखल रजिस्टरात चढवायचा आणि तोच नंबर पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर लिहायचा. ते लिहिणं बघायला माणसं थांबत. काळ्या शाईचं ड्रॉइंगचं पेन, मनगट टेबलावर टेकलेलं, श्वास धरलेला, आणि छापल्यासारखा आकडा उतरायचा. मी शेजारी बसून डिंक लावायची. पुस्तकांचं वेड मला त्या खोलीत लागलं, ते माझ्या वडिलांनी लावलं, हे मी नाकारत नाही. तिथे येणाऱ्या बायका आईला म्हणायच्या, तुमचे मिस्टर म्हणजे अगदी देवमाणूस हो. आई पदर दंडापर्यंत ओढून घ्यायची आणि हो म्हणायची.

आता रेडिओ. लाकडी, जाडजूड, भिंतीवरच्या फळीवर ठेवलेला. फळीला खाली लोखंडी ब्रॅकेट, वर आईनं विणलेला, पुढून लोंबणारा क्रोशाचा रुमाल. दोन बटणं. उजवीकडचं स्टेशनचं, डावीकडचं आवाजाचं. त्याला हात फक्त अप्पांचा. आठवड्यातून एकदा संध्याकाळी आठ वाजता कन्नड नाटक लागायचं, आणि ते आमच्या घराचं एक व्रतच होतं म्हणा ना. थंडीच्या दिवसांत अवरेकाळू निघाले की त्या संध्याकाळी आई भिजवलेल्या दाण्यांची परात मधे ठेवायची, आपल्याकडे वालाच्या डाळिंब्या सोलतात तसे आम्ही चौघं भोवती बसून एकेक दाणा चिमटीत दाबायचो. साल हातात राहायचं आणि दाणा टुणकन परातीत. रेडिओतल्या माणसांचे आवाज, दार करकरल्याचा आवाज, घोड्यांच्या टापा म्हणून वाजवलेल्या करवंट्या, आणि आमच्या परातीतली टपटप. न दिसणाऱ्या माणसांवर जीव लावायला मी तिथे शिकले. नाटक संपेपर्यंत दाणे संपायचे, मग त्यांची आमटी, बरोबर आईची बेळगावची ज्वारीची भाकरी. तो वास मला आजही कुठे आला तर भूक लागते आणि त्याच वेळी तिथून उठून जावंसंही वाटतं. दोन्ही एकदम.

कारण त्या डावीकडच्या बटणाचा दुसरा एक उपयोग होता. अप्पा आईला मारायचे. नंदूलाही मारायचे, पण आईला जास्त. मला नाही. का नाही, ते मला कधीच कळलं नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते. ते आरडाओरडा करणारे नव्हते. राग आला की ते उठायचे, शांतपणे फळीपाशी जायचे, डावीकडचं बटण उजवीकडे पूर्ण फिरवायचे, आणि मग वळायचे. नाटक असो, बातम्या असोत, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम असो, रेडिओ कानठळ्या बसतील इतका मोठा व्हायचा. पलीकडे काही जाऊ नये म्हणून. अक्षरासारखाच मारही नीटनेटका, झाकलेल्या अंगावर बसणारा. आम्हा तिघांना मारापेक्षा त्या आवाजाची भीती जास्त होती. आवाज चढायला लागला की नंदू पलंगाखाली पाय ओढून घ्यायचा, लहान असल्यापासून. आणि जयम्माला कळत नव्हतं असं नाही. दुसऱ्या दिवशी ती दारात येऊन वाटीभर सारू, म्हणजे सार, द्यायची आणि आईच्या तोंडाकडे बघायची नाही. वठारात कुणीही कधी आम्हाला म्हटलं नाही की तुमचा रेडिओ फार मोठा लागतो.

नंदू अंगानं किडकिडीत, म्हणून त्याला मर्द करायला अप्पांनी कराटेच्या क्लासला घातलं. पिठाच्या गिरणीच्या गच्चीवर क्लास चालायचा. शिकवणारे वीरण्णा मास्तर, दिवसा गिरणीच्याच कामात, केसांत कायम पीठ. नंदूनं मधेच पळून जाऊ नये म्हणून त्याला पोचवायला आणि आणायला माझी नेमणूक झाली. मी वाचनालयातलं पुस्तक घेऊन टाकीच्या सावलीत बसायची. पुस्तक पुढे सरकेना, कारण मास्तर एकच गोष्ट शंभर वेळा करून घ्यायचे. ओंदु, एरडु, मूरु, असं मोजत. डोक्यावर येणारा हात खालून वर उचललेल्या कोपराखालच्या हातानं उडवून लावायचा, वरचा ब्लॉक. पाय रुंद, कंबर वळवायची, हात कपाळाच्या वर नेताना शेवटच्या क्षणी पिळायचा. एक दिवस मी टाकीआड तेच करतेय हे मास्तरांनी पाहिलं. त्यांनी मागच्या रांगेकडे बोट केलं. मी पुस्तक ठेवलं आणि उभी राहिले. नंदूला कंटाळा होता, मला वेड लागलं. घरी सांगितलं नाही. आमच्यात एकमेकांचे हात एकमेकांवर आपटून घट्ट करायचे असत, त्यानं माझे हात कोपरापर्यंत हिरवे-निळे झाले. नळावर जयम्मानं ते पाहिले आणि माझी बाही हळूच खाली ओढली. मी खरं ते सांगितलं, कराटे आहे म्हटलं. तिनं मान हलवली, आणि मला दिसलं की तिचा विश्वास बसलेला नाही.

ती संध्याकाळ थंडीतली. परात मधे, नाटक विनोदी. एक म्हातारा आणि त्याची सून यांची जुंपली होती. सून काहीतरी बोलली आणि आई हसली. मोठ्यानं हसली, नळावर हसायची तशी. मीही हसले, नंदूही. अप्पांना ते कळलं नव्हतं. त्यांनी विचारलं, काय म्हणाली ती? आई अजून हसतच होती, डोळे पुसत म्हणाली, "ते तुम्हाला नाही कळायचं." बस. एवढंच. तिच्या मनात काही नव्हतं, ते भाषांतर करून सांगण्यासारखं नव्हतं इतकंच. पण बोलून झाल्यावर तिचं हसू कसं थांबलं ते मला आजही दिसतं. अप्पांनी हातातला दाणा सोलून परातीत टाकला. उठले. डावीकडचं बटण फिरवलं. म्हातारा आणि सून आमच्या डोक्यावर ओरडून भांडायला लागले, खोली हादरायला लागली, आणि अप्पा वळून आईकडे आले. ती परातीशी बसलेलीच होती, तिनं मान खाली घातली होती. मी काही ठरवलं नाही. अमुक करावं असा विचार केला असता तर माझ्याच्यानं झालं नसतं. मी आईच्या आणि त्यांच्या मधे होते, पाय रुंद होते, त्यांचा उजवा हात खाली आला आणि माझा डावा हात वर गेला, शेवटच्या क्षणी पिळला, गच्चीवर हजार वेळा केला होता तसा. त्यांचा हात बाजूला उडाला आणि हातभर अंतरावरच्या फळीखालच्या लोखंडी ब्रॅकेटवर आपटला. मनगट मोडल्याचा आवाज त्या गोंगाटातही मी ऐकला.

अप्पा ओरडले नाहीत. भिंतीला टेकून खाली बसले, मनगट मांडीवर धरून, आणि माझ्याकडे असे बघत राहिले जणू मी दारातून आलेली कुणी अनोळखी मुलगी आहे. सगळीकडे दाणे सांडलेले. रेडिओत लोक हसत होते. कुणालाच तो बंद करायचं सुचेना, कारण त्याला हात लावायची कुणाला मुभाच नव्हती. शेवटी मी उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा ते डावीकडचं बटण हातात धरलं. गरम होतं. मी ते खाली आणलं. मला वाटलं होतं आई मला जवळ घेईल. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तेच हवं होतं. ती दाण्यांवरून तशीच गुडघ्यांवर सरकत अप्पांपाशी गेली, त्यांचा हात आपल्या पदरात घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या हातावर हे घर चाललंय. तू काय केलंस हे तुला कळतंय का?"

मला कळलं नव्हतं. पुढे जे झालं त्यातून हळूहळू कळलं. हॉस्पिटलात नेलं तर कसं लागलं म्हणून विचारतील, तिथे कारखान्याचा कुणी ना कुणी भेटेल, म्हणून आईनं त्यांना मार्केटमागच्या गल्लीत एका हाड बसवणाऱ्या नाटी, म्हणजे गावठी वैद्याकडे नेलं. अंड्याचं पांढरं, कसलीशी पूड, बांबूच्या कामट्या आणि वर घट्ट पट्टी. ऑफिसात सांगितलं सायकलवरून पडले. वठारात सांगितलं सायकलवरून पडले. वाचनालयात सांगितलं सायकलवरून पडले, आणि तिथल्या बायका हळहळल्या. आम्ही चौघं इतक्या एकमतानं कधीच काही बोललो नव्हतो. सायकल बिचारी धडधाकट अंगणात उभी होती, तर नंदूनं कुणी न सांगता एका दुपारी तिचं हँडल दगडानं वाकवलं. दोन महिन्यांनी पट्टी सुटली तेव्हा मनगट वाकडं बसलेलं होतं. पेन धरता येईना. धरलं तर रेघ थरथरायची. हॉस्पिटलात गेले असते तर तो हात वाचला असता, हे मला आज कळतं. पण तेव्हा तो हात वाचवण्यापेक्षा तो कसा मोडला हे लपवणं आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटलं, आणि ते लपवायला आम्हाला अप्पांनीच शिकवलं होतं.

आईनं माझं कराटे बंद केलं. मी मास्तरांना सांगायला गेले. ते गिरणीच्या पट्ट्यापाशी उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं, बाहेरच्या माणसाला सांगितलेलं ते पहिलं खरं. त्यांनी माझा डावा हात बघितला, कोपरापासून मनगटापर्यंत दाबून बघितला, आणि विचारलं, "आता घरात कोण मारतं?" मी म्हटलं, कोणी नाही. "मग सरी," ते म्हणाले आणि दळणाकडे वळले. त्यांच्या हिशोबानं तो विषय तिथे संपला होता. माझ्याही हिशोबानं तेव्हा संपला होता. मी परत कराटेला उभी राहिले ती पस्तिशीत, आणि तेव्हा मास्तर नव्हते.

अप्पांनी त्यानंतर कुणावर हात उचलला नाही. उजवा उचलता येत नव्हता, आणि डावा त्यांनी उचलला नाही. रविवारी मी त्यांच्याबरोबर जायची, ते नंबर सांगायचे आणि मी लिहायची, त्यांच्यासारखं, मनगट टेकवून, श्वास धरून. एक-दोन वर्षांत माझं अक्षर त्यांच्याशी इतकं जुळलं, की आज ती कपाटं उघडली तर कुठली चिठ्ठी त्यांची आणि कुठली माझी हे मलाही सांगता येणार नाही. त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही, वाईट म्हटलं नाही. पुढे मी लायब्ररीचा कोर्स केला, एका कॉलेजात लागले. आणि अप्पांना कारखान्यानं ड्रॉइंग ऑफिसातून काढून हातोड्यांच्या शेडमध्ये टाकलं, माणसांच्या पाळ्या लिहून घ्यायला. तेवढं डाव्या हातानं जमायचं. त्या शेडमध्ये दिवसभर लालबुंद लोखंडावर यंत्राचे घण पडायचे. ते घरी यायचे तेव्हा काही वेळ नुसतेच अंगणात उभे राहायचे. मग हळूहळू असं व्हायला लागलं, की आई मीठ मागायची आणि ते पाणी द्यायचे. नंदू त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करायचा. आम्ही हसायचो. चार वर्षं अशी गेली.

आठवड्याचं नाटक मात्र चालू होतं. आठ वाजता अप्पा डाव्या हातानं रेडिओ लावायचे, आवाज बेताचा ठेवायचे, आणि संपेपर्यंत त्या बटणाला पुन्हा शिवायचे नाहीत. त्या दिवशीही परात होती. नाटक गंभीर होतं. एक म्हातारी बाई दूर गेलेल्या मुलाला काहीतरी सांगत होती, अगदी हळू आवाजात, आणि आम्ही दाणे दाबायचेसुद्धा थांबलो होतो. मधेच अप्पा उठले. फळीपाशी गेले. त्यांचा डावा हात डावीकडच्या बटणावर गेला आणि आवाज चढायला लागला.

पुढचं सगळं एका दमात झालं. आई ताडकन उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली, पाठ भिंतीला. अठरा वर्षांचा नंदू, मिशा फुटलेला, त्यानं पाय पलंगाखाली ओढून घेतले. आणि मी उभी होते, पाय रुंद, डावा हात छातीपर्यंत वर आलेला. अप्पा वळले ते म्हातारीचं बोलणं आता ऐकू येईल म्हणून, तोंडावर तसा एक साधा, उत्सुक भाव. तो त्यांनी आमच्याकडे पाहिल्यावर गेला. त्यांनी आईकडे पाहिलं, नंदूच्या पायांकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. "नाही, मला नीट..." एवढं म्हणाले आणि थांबले. त्या बटणाचा आवाज आमच्या घरात काय होता, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. मारणारा माणूस मार विसरतो म्हणतात ते खोटं असेल, पण तो आवाज ते खरोखर विसरले होते, किंवा तो आम्हालाही ऐकू जात असेल हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. ते परत फळीकडे वळले आणि बटण खाली फिरवलं. आधी होतं त्याच्याही खाली. मग येऊन जागेवर बसले आणि परातीतला एक दाणा उचलला.

आणि आता जे लिहायचं आहे त्यासाठी हे सगळं लिहिलं. मला त्याच क्षणी कळलं होतं की अप्पांना ऐकू येत नाही. आईलाही कळलं, नंदूलाही. आम्ही तिघंही शहाणी माणसं होतो. मी पुढे होऊन, वाढवा अप्पा, एवढं म्हणायला हवं होतं. मी हात खाली घेतला आणि दाणे सोलायला बसले. आई बसली. नंदू बसला. पुढच्या आठवड्यात आठ वाजता त्यांनी रेडिओ लावला, इतका हळू की आम्हालाही कान द्यावा लागे. काही महिन्यांनी त्यांनी फळीखाली स्टूल ओढलं. पुढे तर ते डोकं वर करून कान त्या क्रोशाच्या रुमालाला लावून बसायचे. आणि आमच्या तोंडांकडे बघायचे. आई हसली की ते हसायचे, जरा उशिरा. ज्या आईच्या हसण्यावरून तिच्यावर हात उगारला, त्याच हसण्याकडे डोळे लावून बसायचे, कारण नाटकात आता हसायचं आहे हे कळायला दुसरं काही साधन त्यांच्यापाशी उरलं नव्हतं. मला ते दिसत होतं. मला ते बरं वाटत होतं, हेही लिहून टाकते. बसा असेच, असं मनात यायचं. ती शिक्षा मी त्यांना दिली नव्हती, त्यांनी स्वतः घेतली होती, पण ती थांबवायची चावी माझ्याकडे होती आणि मी ती अकरा वर्षं कमरेला लावून हिंडले.

अकरा वर्षांनी ते गेले. हृदयानं गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. चौदावा झाल्यावर आई भांडी आवरत होती, नंदू पाहुण्यांना बसवर सोडायला गेला होता, आणि घरात मी एकटीच बाहेरच्या खोलीत होते. मी रेडिओ लावला. बटण त्यांनी शेवटचं ठेवलं होतं तिथेच ठेवलं. त्यांच्या स्टुलावर बसले, मान वर केली आणि कान रुमालाला लावला. आतून घरघर येत होती. तिच्यात कुणीतरी बाई बोलत होती, पण काय बोलत होती ते मला कळेना. माझे कान तेव्हा तिशीतले होते, चांगले होते. म्हणजे अप्पा इतकी वर्षं तिथे बसून काहीच ऐकत नव्हते. नुसते आमच्यात बसत होते.

तो रेडिओ पुढे आईनं जयम्माच्या मुलीला दिला. वठार पाडलं, तिथे आता चार मजली हॉटेल आहे. आई गेली त्यालाही बरीच वर्षं झाली, आणि त्या दोन्ही संध्याकाळींबद्दल ती, मी आणि नंदू कधीही एक अक्षर बोललो नाही. काल नेहा पुन्हा आली होती. मी गच्चीत कानात गोष्ट घालून हात करत होते, एक वाक्य निसटलं, मी थांबून पंधरा सेकंद मागे गेले. ती पायरीवर बसून बघत होती. नंदूची मुलगी, पण तिच्या कानात तो रेडिओ भरलेला नाही. "आत्या," ती म्हणाली, "वाढव ना." किती सहज म्हणते. तो एक शब्द मला अकरा वर्षांत म्हणता आला नाही.